वैद्य आणि वैदू : एका ऋणाची मीमांसा

‘वैद्य’ आणि ‘वैदू’ हे मराठीतले दोन शब्द एकाच कुळातले. दोहोंच्या मुळाशी जाणण्याची क्रिया आहे. पण भाषेने त्यांना एका पंक्तीला कधी बसविले नाही. वैद्य म्हटला की पोथी, नाडीपरीक्षा आणि घराणे डोळ्यांपुढे येते. वैदू म्हटला की खांद्यावरची झोळी, मुळ्यांच्या जुड्या, गावाबाहेरची पाले आणि ऐकणाऱ्याच्या मनातला संशय. डोंगरातल्या भगताची जागा तर याहूनही अवघड आहे. ठाकूर, कातकरी, वारली वा महादेव कोळी यांच्या वस्तीत तो औषध देतो, कौल लावतो, देवाशी बोलतो आणि आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. शहरी समाजाला मात्र त्याच्यात एकतर मांत्रिक दिसतो, नाहीतर वनस्पतींचा चालताबोलता कोश. पहिली दृष्टी त्याला कायद्याच्या कचेरीकडे नेते आणि दुसरी संग्रहालयाकडे. एक जाणता माणूस म्हणून त्याच्याकडे पाहावयाचे तर ते कसे, हा प्रश्न दोन्ही दृष्टींच्या हातून निसटतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे.

हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात असे सांगितले आहे की, वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि इतर वनवासी जनांना ठाऊक असतात. परंतु नाव आणि रूप कळल्याने औषध कळले असे होत नाही. त्याची योजना जो जाणतो तोच तत्त्व जाणणारा. या प्रतिपादनात कृतज्ञता आहे, तशी एक सीमारेषाही आहे. गुराख्याने ओळख पटवावी आणि वैद्याने तिचा अर्थ लावावा, अशी ज्ञानाची श्रमविभागणी येथे गृहीत धरलेली दिसते. अमुक पाला कोणत्या दुखण्यावर, किती आणि केव्हा, हेही त्या गुराख्याला ठाऊक असेल, ही शक्यता या मांडणीत मावत नाही. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : शास्त्राकडे माहिती कोठून आली, हे संहितेने लपविलेले नाही.

पुढील ग्रंथकारांनी हा प्रामाणिकपणा कमीअधिक प्रमाणात पाळला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात दोन विद्वान चर्चा करतात आणि ज्या झाडाविषयी चर्चा चालते त्याची फांदी वा फळ आणून देते ती आंतोनिया नावाची दासी. तिला नाव आहे, पण आडनाव नाही आणि मतही नाही. याच्या उलट, मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाला, तेव्हा त्यात ईळव समाजातील इट्टी अच्युतन या वैद्याचे प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या लिपीत छापले गेले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्रही त्यात आहे. डच अधिकाऱ्याने आपल्या जाणकारांना साक्षीदाराच्या जागी बसविले. मात्र अच्युतनाला वा त्या भटांना ज्यांनी झाडे दाखविली असतील, त्यांची नावे त्याही ग्रंथात नाहीत. नामोल्लेखाची पायरी जसजशी खाली उतरते, तसतशी अरण्यातली माणसे धूसर होत जातात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न बंगळूर शहरात नव्या रूपाने उभा राहिला. १९९३ मध्ये तेथे ‘फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स’ ही संस्था सुरू झाली. तिच्यामागची प्रेरणा काही अंशी महाराष्ट्रातली आहे. संस्थेचे एक संस्थापक दर्शन शंकर यांनी त्यापूर्वी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, आदिवासी वस्त्यांमध्ये, बरीच वर्षे काम केले होते. भगत, सुईणी आणि हाडे बसविणारे यांचे ज्ञान ही सार्वजनिक आरोग्याची एक जिवंत व्यवस्था आहे, हा विचार त्या अनुभवाशी जोडलेला होता. संस्थेने कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू येथील वनखात्यांच्या साहाय्याने औषधी वनस्पतींची संरक्षित क्षेत्रे उभी केली, वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह जमविला आणि हजारो वनस्पतींची माहिती संगणकावर आणली. २०१३ मध्ये झालेल्या कर्नाटकाच्या कायद्याने तिच्या कार्याला विद्यापीठाचेही रूप आले.

हे कार्य किती आवश्यक होते, याची कल्पना एका आकड्यावरून येते. १९८२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय मानववंश-जीवशास्त्रीय पाहणीत आदिवासी समाज औषधासाठी वापरीत असलेल्या सात हजारांहून अधिक रानवनस्पतींची नोंद झाली. ग्रंथबद्ध शास्त्रांतील वनस्पतींपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. म्हणजे चरकाने ज्यांना नावे आणि रूपे जाणणारे म्हटले, त्यांच्याजवळ शास्त्राच्या कक्षेबाहेरचेही विपुल द्रव्य होते. परंतु संग्रहाच्या कार्यातच एक नैतिक पेच दडलेला असतो. कागदावर चिकटविलेल्या फांदीखाली वनस्पतीचे लॅटिन नाव, स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव लिहिण्याची रीत आहे. ज्याने ती फांदी ओळखून दिली त्याच्यासाठी त्या चिठ्ठीवर ठरलेली जागा परंपरेने ठेवलेली नाही.

त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत पुण्याचे माधव गाडगीळ तीन दशके पर्यावरणशास्त्राचे अध्यापन करीत होते. १९९० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना पुढे आणली. गावाने आपल्या परिसरातील सजीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद स्वतः करावी, तिच्यावर गावाचा अधिकार असावा, असा तिचा आशय होता. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याच्या नियमांनी या नोंदवहीला स्थान दिले. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर दोन लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या. मुदतीच्या धाकाने भरलेली वही आणि गावाने आपल्या गरजेने लिहिलेली वही यांत जे अंतर असते, ते केवळ अचूकतेचे नसते. पहिलीत गाव माहिती पुरवितो. दुसरीत तो लेखक असतो.

लेखक कोण, हा प्रश्न केरळातील अगस्त्य पर्वतातील काणी जमातीच्या प्रसंगाने अधिक गुंतागुंतीचा केला. १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक त्या रानात हिंडत असताना, बरोबरचे काणी वाटाडे एक छोटे फळ खाऊन न थकता चालत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. विचारता विचारता ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीचे नाव कळले. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचे शक्तिवर्धक औषध तयार झाले. १९९५ मध्ये ते कोईमतूरच्या औषधशाळेला निर्मितीसाठी देण्यात आले आणि मिळणाऱ्या शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणी समाजासाठी राखून ठेवण्यात आला. लाभाच्या वाटणीचे हे जगातील अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून गौरविले गेले. तथापि काणींचे परंपरागत वैद्य, ज्यांना प्लाथी म्हणतात, त्यांच्यातील काहींनी आक्षेप घेतला : हे ज्ञान पवित्र आहे आणि ते बाहेर देण्याचा अधिकार वाटाड्या तरुणांना नव्हता. शिवाय त्या वनस्पतीच्या संकलनावरून वनखात्याशीही वाद उद्भवला. पैशाची वाटणी न्याय्य करता आली, तरी संमती कोणाची घ्यावयाची हे तिने ठरत नाही. ‘समाज’ हा एकच आवाज आहे असे बाहेरून दिसते. आत तरुण आणि वृद्ध, बाया आणि पुरुष, सांगणारे आणि राखणारे असे अनेक आवाज असतात.

या पार्श्वभूमीवर जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेली दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभवाटपाच्या बंधनातून तिने मोकळीक दिली. तिच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही असे नव्हे. शतकानुशतके सर्वांनी वापरलेल्या काढ्याबद्दल आज कोणाला मोबदला द्यावयाचा, आणि प्रत्येक वैद्याला परवान्यासाठी हेलपाटे घालावयास लावावयाचे काय, हे प्रश्न खरे आहेत. परंतु चरकाचे ते विधान येथे पुन्हा आठवते. ग्रंथात जे आले त्याचा एक भाग वनवासी जनांकडूनच आला असावा, असे ग्रंथच सुचवितो. ज्ञान पोथीत शिरले की त्याचे ऋण फिटले आणि मुखात राहिले तोवर ते बाकी आहे, असा याचा निष्कर्ष निघतो. वैद्य आणि वैदू यांच्यातील भाषेने केलेला भेद अशा रीतीने कायद्याच्या कलमातही उतरला आहे.

येथवरचे विवेचन वाचून, आदिवासी वैदूचे ज्ञान हे केवळ हिरावून घेतलेले धन आहे आणि त्याचा आदर म्हणजे त्याचा बिनशर्त स्वीकार, असे कोणास वाटेल. परंतु हा निष्कर्ष पहिल्या अन्यायाइतकाच घातक आहे. सर्पदंश हे त्याचे सर्वांत कठोर प्रमाण होय. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केला आहे. वर्षाची सरासरी सुमारे ५८,००० होते. मेलेल्यांत खेड्यांतील माणसेच बहुसंख्य आहेत. यातील कित्येकांचे पहिले काही तास मांत्रिकाच्या अंगणात गेलेले असतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला. या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. कर्नाटकानेही २०१७ मध्ये असाच कायदा केला. परंपरेच्या आदरापोटी या कायद्यांना विरोध करणारा माणूस दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर उदार होत असतो.

तरीही मांत्रिक लबाड असतो, असे म्हणून सुटका होत नाही. तो बहुधा प्रामाणिक असतो, आणि त्याची चूक समजून घेणे हे त्याची निंदा करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. भारतातील बहुसंख्य सापांच्या जाती बिनविषारी आहेत. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष शरीरात जातेच असे नाही. साहजिकच मांत्रिकाकडे आणलेल्यांपैकी पुष्कळ जण काही न करताही वाचले असते. ते उठून बसतात, नारळ देतात, गावोगाव त्याचे नाव सांगतात. जे दगावतात त्यांच्याविषयी, आणायला उशीर झाला, पथ्य मोडले, काळच आला होता, अशी स्पष्टीकरणे आधीच तयार असतात. मराठीत ज्याला ‘हातगुण’ म्हणतात त्याची कीर्ती अशी वाढत जाते. येथे अनुभवाची कमतरता नसते, तुलनेची असते. उपचार न झालेल्यांचे काय झाले, हे पाहण्याची सोयच त्या अंगणात नसते. आणि हा दोष केवळ भगताचा नव्हे. युरोपातील पदवीधर वैद्यांनी शतकानुशतके रोग्यांचे रक्त काढले, ते याच प्रकारच्या अनुभवाच्या भरवशावर.

सर्पदंशाच्या याच प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मांत्रिकाच्या हातून सुटलेला रोगी ज्या प्रतिसर्पविषाने वाचतो, त्यासाठी लागणारे विष कोण काढते? मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, इरुला आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर उपजीविका गमावलेल्या या लोकांनी पकडलेल्या सापांचे विष काढून त्यांना पुन्हा रानात सोडण्याचे काम पत्करले. भारतात प्रतिसर्पविषासाठी लागणाऱ्या विषाचा फार मोठा भाग त्यांच्या हातून येतो. मातीवरच्या पुसट खुणेवरून साप कोणता, कोणत्या बिळात आणि केव्हा गेला हे ओळखण्याची त्यांची विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकविली जात नाही. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सर्पविदांना पद्मश्री मिळाली. याच कथेचा पुढचा भाग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत घडतो. प्रदेशागणिक एकाच जातीच्या सापाचे विष बदलते आणि म्हणून दक्षिणेतील विषापासून केलेले औषध अन्यत्र अपुरे पडू शकते, असे तेथील संशोधकांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. रुग्णालयातील त्या छोट्या कुपीत आदिवासीचे हात, घोड्याचे रक्त आणि प्रयोगशाळेचे गणित एकत्र आलेले असते. आदिवासी ज्ञान एका बाजूला आणि आधुनिक वैद्यक दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्या कुपीने खोटी ठरविली आहे.

यातून आदराचा अर्थ थोडा वेगळा लागतो. मिरांडा फ्रिकर या इंग्रज तत्त्वज्ञ विदुषीने २००७ मध्ये ज्ञानविषयक अन्यायाची संकल्पना मांडली : बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानामुळे त्याच्या शब्दाला कमी वजन देणे, हा त्याच्या जाणतेपणावरचाच अन्याय होय. भगताचे म्हणणे न ऐकता त्याला भोंदू ठरविणारा हा अन्याय करतो, हे उघड आहे. परंतु त्याचे म्हणणे कधीही न तपासता डोक्यावर घेणाराही तोच अन्याय निराळ्या रीतीने करतो, हे सहसा लक्षात येत नाही. समान माणसाशी वाद घालता येतो, त्याला पुरावा मागता येतो, तो चुकला असे म्हणता येते. ज्याला कोणी पुरावा मागत नाही, त्याला जाणत्यांच्या सभेत कोणी बसविलेलेच नसते. त्याची गणना निसर्गात होते, झाडे आणि झरे यांच्या बरोबरीने. पारख करणे हा म्हणूनच आदराचा भाग आहे. मात्र ती पारख दोन्ही बाजूंनी व्हावयास हवी. भगताने वैद्यकीय अधिकाऱ्याला, तुमच्या दवाखान्यात रोग्याशी कोणी बोलत का नाही, असे विचारले, तर त्यालाही उत्तर मिळावयास हवे.

अशी पारख शक्य आहे याचे एक उदाहरण गडचिरोलीने घालून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले आणि सुईणींनाही त्यात सामील करून घेतले. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करून परिणाम मोजण्यात आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. मांत्रिकाच्या अंगणात जी तुलना नव्हती ती येथे होती. आणि मोजमापाचा आरंभ ज्यांच्या नोंदींपासून होत होता त्या त्याच गावच्या बाया होत्या. त्याच संस्थेच्या कामातून राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक आले. त्यात गडचिरोलीच्या स्त्रियांनी सांगितलेली झाडे आहेत. मृत्यूची संख्या मोजणे आणि बायांकडून झाडे ऐकून घेणे या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकमेकींना न खोडता होऊ शकतात, एवढे यावरून सिद्ध होते.

परंतु ऐकणे आणि तपासणे एवढ्यानेही ऋण पुरे होत नाही. ज्ञान ज्या भूमीवर उगवते ती भूमी राहिली नाही, तर वहीत उरलेला शब्द कशाचा? बंगळूरच्या दक्षिणेला सुमारे १८० किलोमीटरवर बिळिगिरी रंगन डोंगर आहेत. तेथे सोलिगा आदिवासी राहतात. डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८१ मध्ये तेथे विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापन केले आणि दवाखान्याबरोबर सोलिगांच्या वनौषधींचाही आस्थेने विचार केला. हे डोंगर १९७४ मध्ये अभयारण्य झाले होते. फिरती शेती बंद झाली, हंगामाच्या आरंभी पाचोळा जाळण्याची जुनी रीत थांबली, आणि २००६ मध्ये विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावर बंदी आली. पाचोळ्याची ती हलकी आग थांबल्यामुळे घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ पसरले, असे सोलिगा सांगत आले. बंगळूरच्या पर्यावरण-अभ्यासकांनी त्यांचे हे म्हणणे गांभीर्याने तपासावयास घेतले. २०११ मध्ये हे अरण्य व्याघ्र प्रकल्प झाले. त्याच वर्षी वनाधिकार कायद्याखाली सोलिगांच्या ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य झाले. रानात पाऊल टाकण्याची ज्याला मनाई आहे, त्याच्या नातवाला आवळ्याची जात आणि बांडगुळाचा काळ कोण शिकविणार? वनौषधीचे ज्ञान पायांनी शिकावयाचे असते. ते वाटांवर अवलंबून आहे, आणि वाटांवरचा अधिकार हा शेवटी राजकीय प्रश्न आहे.

अलीकडे परंपरागत वैदूंना त्यांच्या कौशल्याचे प्रमाणपत्र देण्याची योजनाही पुढे आली आहे. बंगळूरच्या उपरोक्त संस्थेचा आणि भारतीय गुणवत्ता परिषदेचा तिच्याशी संबंध आहे. तिचा हेतू स्तुत्य आहे. भोंदू आणि जाणता यांच्यात फरक करण्याची समाजाला गरज आहेच. तथापि प्रमाणपत्राने वैदूला वैद्याच्या ओसरीवर थोडी जागा मिळेल, एवढ्यावर समाधान मानणे अपुरे होईल. प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, आणि वैदूची विद्या व्यक्तीची नसते. ती शिकविणाऱ्या आजीची, राखलेल्या देवराईची, पाळलेल्या पथ्याची आणि रोग्याच्या उशाशी काढलेल्या रात्रीची असते.

ऋण हा शब्द भारतीय परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांच्या संदर्भात योजिला गेला. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे मानले आहे. ज्यांच्याकडून विद्या आली त्यांची विद्या पुढे चालू राहील अशी व्यवस्था करणे, हाच त्याचा आशय. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना कोणी ऋषींच्या यादीत घातले नाही; परंतु संहितेनेच त्यांना वनस्पतींची नावे आणि रूपे जाणणारे म्हटले असल्यामुळे तोच न्याय त्यांनाही लागू करण्यास शास्त्राची आडकाठी नसावी. त्यांचे ऋण फेडावयाचे तर त्यांचे नाव फांदीखालच्या चिठ्ठीवर असले पाहिजे, त्यांचे म्हणणे तपासले गेले पाहिजे, ते चुकले तेथे चुकले असे त्यांना समक्ष सांगितले पाहिजे, आणि त्यांची मुले ज्या रानात शिकतात ते रान त्यांच्या हातात राहिले पाहिजे. यांपैकी एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. वाटा देऊन रान घेता येत नाही, आणि गौरव करून परीक्षा टाळता येत नाही. वैद्य आणि वैदू हे शब्द एका कुळातले आहेत, हे भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समाजाने ते नाते व्यवहारात मान्य करावयाचे तेवढे राहिले आहे.